चार बोटांचं अंतर

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं मावतात, यावरून गंगापूर रोडवरची मुलं गाडीची लायकी ठरवतात. माझ्या २००८ च्या स्विफ्टमध्ये चार बोटं आरामात जायची. गाडी मूळची बाबांची, आता माझ्याकडे आलेली. ती दोन बोटांवर आणायची म्हणून मागच्या पावसाळ्यात मी पार्ट शोधायला बसलो. पार्ट राहिले बाजूला, पोचलो भलतीकडेच.

आमच्याकडे गाडी 'खाली' करण्याचे तीन रस्ते आहेत. पैसे असतील तर कॉइलोव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड. थोडे कमी असतील तर तयार आखूड लोअरिंग स्प्रिंग. आणि काहीच नसेल तर ग्राइंडर. मूळ स्प्रिंगचे एकदीड वेढे कापायचे, तासाभरात गाडी खाली. माझ्या चुलतभावाने हा तिसरा रस्ता धरला होता.

स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. सहा वेढ्यांमधले दीड कापले की कडकपणा साधारण एक तृतीयांशाने वाढतो. शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या हिशोबाचाच राहतो. त्यात चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की आखूड स्प्रिंग बैठकीत सैल पडते. भावाचं तेच झालं. अंबड लिंक रोडवर एका ब्रेकरवरून उतरताना मागची स्प्रिंग जागेवरून सरकली, गाडी एका बाजूला ओढली गेली. वेग कमी होता म्हणून निभावलं. मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची मुलगी होती. त्यानंतर आमच्या घरात 'सस्पेन्शन' हा शब्द जरा हळू आवाजात उच्चारला जातो.

खरं तर स्प्रिंगला आवर घालायचा हा प्रश्न जुनाच आहे. लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने उसळी थोडी शमते; घोड्याच्या वेगाला तेवढं पुरायचं. मोटार आली आणि पुरेनासं झालं. स्प्रिंग धक्का घेते, पण घेतलेला परतही करते.

इथे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा क्लॉड फॉस्टर येतो. हा मूळचा वादक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने एक्झॉस्टच्या वायूवर सुरात वाजणारा मोटारीचा हॉर्न काढला आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूतावरून त्याला नाव दिलं 'गेब्रिएल'. मग त्याने 'स्नबर' बनवला: घर्षणाच्या ठोकळ्यांभोवती गुंडाळलेला पट्टा. स्प्रिंग दबताना पट्टा ढिला, उसळताना ताणलेला. धक्का येऊ द्यायचा, उसळी अडवायची. आजच्या तेलाच्या शॉकअपमध्येही वर येतानाचा विरोध सहसा जास्त ठेवलेला असतो, तो याच कारणाने.

गेब्रिएल हे नाव नाशिककराला नवं नाही. गेब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडमध्ये सुरू झाली आणि पुढे तिचा एक कारखाना आमच्या अंबड एमआयडीसीत आला. सिडकोतल्या कितीतरी घरांची चूल शॉकअपवर पेटली आहे. मी लहानपणी त्या भागातून शंभरदा गेलो असेन, पण त्या नावामागे एक हॉर्न आहे हे कळायला सत्ताविशी उलटावी लागली.

त्या काळातल्या आपल्या गाड्या पाहिल्या की रस्ता कसा होता ते समजतं. अ‍ॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीला पुढे कॉइल, मागे पुन्हा पाटेच. पाटे जड, पण ओझं आणि खड्डे दोन्ही झेलणारे, शिवाय कुठलाही लोहार हात घालू शकेल असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांसाठी मॅकफर्सन स्ट्रट घराघरात पोचला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने चाळीसच्या दशकात मांडलेली ही रचना: स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, आणि तोच खांब चाकाला दिशेतही धरून ठेवतो. स्वस्त, आटोपशीर. माझ्या स्विफ्टलाही पुढे हेच आहे.

आणि नेमका इथेच माझा बेत फसला. गाडी खाली केली की वळणावर कमी झुकेल, असं मी धरून चाललो होतो. स्ट्रटमध्ये गाडी खाली घेतली की खालचा आर्म तिरका होतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढलं म्हणजे झुकवणारा जोर वाढला. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली केलेली गाडी उलट जास्त झुकते. कागदावर आकृती काढून तीनदा तपासलं. दिसायला रेसिंग, वळायला टेम्पो.

मग लोक गाडी खाली का करतात? गाडी ऐटीत दिसावी म्हणून, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी पोरांनी यातूनच 'लोरायडर' संस्कृती उभी केली. १९५८ पासून तिथल्या कायद्याने, चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको, असं ठरवलं. दुसऱ्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली! (ओझरला आमच्याकडेही विमानांचा कारखाना आहे, पण असली कल्पना कोणाला सुचल्याचं ऐकिवात नाही.) तो नियम राज्यभरातून २०२४ मध्ये गेला.

आपल्याकडे वारा उलट दिशेने वाहिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. स्प्रिंगची उंची आरसी बुकात कुठे असते, असा युक्तिवाद मुलं करतात. अपघातानंतर विम्याच्या सर्वेअरसमोर तो करून बघावा.

तरी मी हिशोब केलाच. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. ३५ मिमी खाली घेतली की १३५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा. इतका पसरट ब्रेकर दोन्ही चाकं त्यावर असताना गाडीच्या पोटाखाली जेमतेम चार सेंमी वर येतो. म्हणजे नियमातला ब्रेकर खाली केलेल्या गाडीलाही घासत नाही! घासतो तो आमच्या कॉलनीचा: उरलेल्या सिमेंटमधून एका रात्रीत उगवलेला, हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्याला कुठलंच कोष्टक लागू नाही. जपानी इंजिनिअरने ठेवलेली ती चार बोटं या ब्रेकरसाठीच होती बहुतेक.

पार्ट बदलण्याआधी एकदा मूळ उंची मोजावी म्हणून टेप घेऊन खाली बसलो. मागच्या स्प्रिंग इतक्या वर्षांत दमल्या होत्या. कंपनीच्या आकड्यापेक्षा गाडी मागून १८ मिमी आधीच खाली होती. ज्यासाठी मी महिनाभर किमती बघत होतो, त्यातलं निम्मं काम फुकटात झालेलं. शॉकअप तपासले तर दोन तेल गाळत होते.

शेवटी चारही शॉकअप आणि चारही स्प्रिंग कंपनीच्या मापाच्याच घेतल्या. भावालाही त्याच दुकानात नेलं. पैसे अर्धे मी दिले, त्यावर तो अजून काही बोललेला नाही. संध्याकाळी गाडी घरी आणली तेव्हा बाबा फाटकात उभे होते. त्यांनी चाकावर हात ठेवला, बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "खाली करणार होतास ना रे? ही तर वर आली."

आता पाच बोटं जातात.