नेम रक्तातून येत नाही

नंदुरबार जिल्ह्यात तिरंदाजीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'भिल्लांच्या तर हे रक्तातच आहे.' स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे ते बोलतात, बातम्यांचे मथळे त्यावर बेतले जातात, शिक्षकही कौतुकाने मान डोलावतात. वाक्य गौरवाचं, म्हणून कुणी हरकत घेत नाही. माझी हरकत आहे. हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही, आणि ज्यांच्या गौरवासाठी ते वापरलं जातं त्यांचंच ते नुकसान करतं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. 2011च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातली सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये तिरकामठा अनोळखी नाही. 1857-58 मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी सातपुड्यात इंग्रजांच्या बंदुकांसमोर हेच हत्यार धरलं होतं. वर एकलव्याची कथा आहेच. आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे लिंबाराम : उदयपूर जिल्ह्यातल्या डोंगरी भागातला आदिवासी मुलगा, तीन ऑलिंपिक खेळला, 1992 साली बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत 30 मीटरवर त्याने 360 पैकी 358 गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. एवढं सगळं समोर असताना रक्ताचा दाखला खोटा कसा म्हणायचा?

सुरुवात हत्यारापासूनच करू. सातपुड्यातलं धनुष्य बांबूचं. त्याची दोरीही बहुधा सुताची नसते. बांबूचीच तासलेली पातळ कामटी दोन्ही टोकांना ताणून बांधलेली असते. बाण तर्जनी आणि मधल्या बोटात धरायचा, अंगठा बाजूला. झाडीतून सावज दिसलं की ओढायचं आणि सोडायचं. धरून ठेवायला वेळ नसतो. अंतर थोडं, वारा ओळखीचा, अंदाज डोळ्याचा. हे कसब खरं आहे आणि लहानपणापासूनच्या सरावाने येतं.

ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह धनुष्य वेगळंच काही मागतं. लक्ष्य 70 मीटरवर, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटर व्यासाचं. पुरुष खेळाडूंच्या धनुष्याची ओढ साधारण 20 किलोंच्या वर जाते, आणि मानांकनाच्या फेरीतच ती 72 वेळा ओढावी लागते. प्रत्यंचा तीन बोटांनी हनुवटीखाली आणून टेकवायची, दरवेळी त्याच जागी. धनुष्यावर क्लिकर नावाची पातळ धातूची पट्टी असते. पूर्ण ओढ घेतल्यावरही पाठीच्या स्नायूंनी आणखी किंचित ताणायचं. बाणाचं टोक पट्टीखालून निसटलं की टक् असा आवाज होतो, आणि त्यानंतरच बाण सोडायचा. बाण सुमारे 70 सेंटिमीटर लांब आणि अंतर 70 मीटर, म्हणजे शंभर पट. टोकाशी एका मिलिमीटरचा फरक पडला तर लक्ष्यावर तो 10 सेंटिमीटरच्या आसपास जातो. शिकारी चटकन सोडतो, इथे चटकन सोडणं हाच दोष ठरतो. तिरकामठ्याने मुलाची भीड मोडते, खांद्यात बळ येतं, हे मान्य. पण नवं धनुष्य हातात घेतलं की जुन्या सवयींपैकी बऱ्याच मोडाव्याच लागतात. त्या मोडायला शेजारी जाणता प्रशिक्षक लागतो.

आता लिंबारामकडे पुन्हा पाहा. 1987 साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्या भागात चाचणी घेतली, त्यातून काही मुलं निवडली आणि दिल्लीच्या शिबिरात नेऊन आधुनिक धनुष्यावर शिकवली. पुढच्याच वर्षी लिंबाराम सोलच्या ऑलिंपिकमध्ये होता. त्याच्या आधी त्या डोंगरांत शेकडो वर्षं धनुष्यं होती, पण तिथून ऑलिंपिकपर्यंत कुणी पोहोचलं नव्हतं. चाचणी, शिबिर आणि धनुष्य आलं तेव्हा लिंबाराम घडला. ज्याला आपण रक्ताचा पुरावा म्हणतो, तो प्रत्यक्षात शिबिराचा पुरावा आहे.

रक्ताच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा कोरियात होते. तिथली पारंपरिक तिरंदाजी जुनी आणि प्रतिष्ठित. लक्ष्य 145 मीटरवर, आणि प्रत्यंचा अंगठ्याने ओढायची, अंगठ्यात कडं घालून. पण कोरियाच्या ऑलिंपिक विजेत्या अंगठा वापरत नाहीत. जगातल्या इतर रिकर्व्ह खेळाडूंसारख्या त्याही तीन बोटांनीच ओढतात. म्हणजे वारशातलं तंत्र बाजूला ठेवून त्यांनी नवं तंत्र शिकून घेतलं. कोरियाचं तिरंदाजीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण 1984चं. त्यानंतर 1988 ते 2024 महिला सांघिक सुवर्ण सलग दहा वेळा त्यांचंच. शाळेपासूनचं प्रशिक्षण आणि नाव न बघता फक्त गुण बघणारी कठोर निवड, हे त्यामागचं कारण. भारताला मात्र तिरंदाजीत एकही ऑलिंपिक पदक अजून मिळालेलं नाही. वारशानेच पदकं मिळत असती, तर हे चित्र असं नसतं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये महाराष्ट्राचे दोन खेळाडू एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले : साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे. ओजसने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. कंपाउंडमध्ये तर बोटं प्रत्यंचेला लागतच नाहीत, हातातल्या यंत्राची कळ दाबून बाण सुटतो. टोकियो ऑलिंपिक खेळलेला प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजूर आईवडिलांचा मुलगा. त्याला शाळेतल्या शिक्षकाने हेरलं आणि शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवलं. सातारा आणि नागपूर ही काही तिरकामठ्याची परंपरा सांगणारी शहरं नव्हेत. तिथे अकादमी होती, प्रशिक्षक होते, रोजचा सराव होता.

कोल्हापूरच्या पैलवानाबद्दल आपण कधी 'कुस्ती रक्तात आहे' एवढंच म्हणून थांबतो का? आपण तालीम सांगतो, वस्ताद सांगतो, खुराक सांगतो, शाहू महाराजांचा राजाश्रय सांगतो. खाशाबा जाधव 1948च्या लंडन ऑलिंपिकआधी रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून मॅटवरची कुस्ती शिकले आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, हेही अभिमानाने सांगतो. कोल्हापूरच्या यशाला संस्था कारण आणि नंदुरबारच्या गुणाला रक्त कारण, हा भेद कशासाठी?

एकलव्याच्या कथेचाही उलटाच अर्थ लावला जातो. तो निषादांच्या राजाचा मुलगा. धनुष्य त्याच्या कुळात असणारच. तरीही तो द्रोणांकडे शिकायला गेला. नकार मिळाल्यावर मातीची मूर्ती करून त्याने एकाग्र अभ्यास केला, आणि महाभारत त्याच्या कौशल्याचं श्रेय त्या अभ्यासाला देतं. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई उरली नाही, असंही तिथेच सांगितलं आहे. ही कथा शिक्षण नाकारलं गेल्याची आहे. भिल्ल अंगठा वापरत नाहीत ते त्याच्या स्मरणार्थ, ही श्रद्धा मला आदरणीय वाटते. मात्र बोटांनी प्रत्यंचा ओढणं ही जगात अनेक ठिकाणी रूढ असलेली पद्धत आहे, एका जमातीची जन्मजात खूण नव्हे.

आणि रक्ताची ही भाषा वाटते तितकी निरुपद्रवी नाही. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, तेव्हाही युक्तिवाद हाच होता : हे यांच्या रक्तातच आहे. तो कायदा 1952 साली गेला. रक्तात नेम पाहणारी नजर आणि रक्तात चोरी पाहणारी नजर वेगवेगळ्या नाहीत. दोन्ही माणसाची मेहनत आणि परिस्थिती डोळ्याआड करतात.

त्याचा तोटा इथे रोज होतो. कौशल्य उपजत मानलं की शिकवण्याची जबाबदारी संपते. शाळकरी मुलं 'इंडियन राउंड'मध्ये बांबूच्या धनुष्यावर चमकतात, मग रिकर्व्हचा संच घ्यायची वेळ येते आणि त्याची किंमत लाखांत जाते. दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, मुलंही बरोबर जातात, सराव तुटतो. कुपोषण तर या जिल्ह्याच्या नावाला चिकटलेलंच आहे. यातल्या एकाही अडचणीवर रक्ताकडे उत्तर नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी व्यासपीठावरून कुणी रक्ताचा दाखला दिला, तर त्यांना तिथेच विचारा : धडगावच्या आणि मोलगीच्या मुलांसाठी 70 मीटरचं मैदान कुठे आहे, पूर्णवेळ प्रशिक्षक कोण आहे, आणि ऊसतोडीच्या हंगामात मुलं सरावाला मागे राहावीत म्हणून त्यांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय काय केली आहे?