कन्येचा आत्मविश्वास : अक्षरापासून संवादापर्यंत

भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना, ब्राह्मी आणि सुंदरी यांना, स्वतः विद्यादान केले, अशी आपली परंपरा सांगते. ब्राह्मीला त्यांनी लिपी दिली आणि सुंदरीला अंकविद्या. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. प्रवचनात ही कथा ऐकताना आपले लक्ष बहुधा लिपीच्या उगमाकडे जाते. परंतु या कथेत शिकविणारा स्वतः पिता आहे, कन्यांना जवळ बसवून तो त्यांच्याशी बोलतो आहे, ही गोष्टही तितकीच ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलींच्या शिक्षणाचा पुढील सारा इतिहास चाळला असता हाच धागा पुन्हा पुन्हा हाती लागतो.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासपर लेखन करण्याची संधी मिळाली, तेव्हा किशोरवयीन मुलींसाठी शाळाशाळांतून होणाऱ्या कार्यशाळांचा विषय मी निवडला. या कार्यशाळांत मुलींना आत्मविश्वास, निर्णयक्षमता, मैत्री आणि नातेसंबंध यांविषयी मार्गदर्शन केले जाते. हे काहींना नव्या युगाचे खूळ वाटते. मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर; इतिहासाचा पंडित नव्हे. तथापि मागील बाकी पाहिल्यावाचून खातेवहीत नवी नोंद होत नाही, एवढे व्यापाऱ्यास निश्चित कळते. ही मागील बाकी पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

महाराष्ट्रात या वहीचे पहिले पान १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात उघडले गेले. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी तेथे मुलींची शाळा सुरू केली. तेव्हा प्रश्न अक्षरओळखीचा होता. परंतु अक्षर आले की विचार येतो, विचार आला की मुलगी बोलू लागते आणि तिचे बोलणे ऐकण्याची तयारी समाजाची असेलच असे नाही, याचा प्रत्यय लवकरच आला. मुंबईच्या रखमाबाईंचा विवाह त्यांच्या अकराव्या वर्षी झाला होता. मोठेपणी त्यांनी पतीच्या घरी जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये पतीने न्यायालयात दावा दाखल केला. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीगृही जा अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा निकाल दिला, तेव्हा कारावास पत्करू, असे या तरुणीने निक्षून सांगितले. १८८८ मध्ये पतीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेस जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

रखमाबाईंचे धैर्य अलौकिक खरेच. परंतु ते धैर्य ज्या घरात वाढले त्या घराचे स्मरणही केले पाहिजे. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित वैद्यक व्यावसायिक होते. मुलगी सासरी जाणार नाही म्हणते, यावर त्यांनी तिला दटावून गप्प केले नाही. ते तिच्या पाठीशी उभे राहिले. ज्या काळात मुलीच्या ‘नाही’ला शब्द म्हणूनही मोल नव्हते, त्या काळात एका पित्याने तो शब्द ऐकला, हे या खटल्याचे एक मोठे अंग आहे.

आपल्या समाजातही असे उदाहरण आहे आणि ते आपल्या तरुण पिढीस क्वचितच सांगितले जाते. मुंबईचे दानशूर जवेरी शेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई हिला ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिचे उर्वरित आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात सरावयाचे. शेठजींनी तसे होऊ दिले नाही. त्यांनी कन्येस अध्ययनास प्रवृत्त केले आणि समाजकार्यात तिला आपल्याबरोबर घेतले. पुढे याच मगनबाईंनी मुंबईच्या श्राविकाश्रमात विधवा आणि निराधार भगिनींना विद्या व हस्तकौशल्य मिळवून दिले, तसेच जैन महिला परिषदेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. समाजाने त्यांना ‘जैन महिलारत्न’ म्हणून गौरविले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. शेठजींच्या नावाने वसतिगृहे आणि धर्मशाळा उभ्या आहेत. परंतु कन्येवर त्यांनी ठेवलेला विश्वास हेही त्यांचे एक दानच होते, असे मला वाटते.

याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. या विद्यापीठास १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. विठ्ठलदास हे कापड गिरण्यांचे मालक होते. आमच्या व्यवसायाचा पैसा स्त्रीशिक्षणाच्या कामी आला, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नसावी.

अक्षर आले, पदवी आली; परंतु एक विषय तसाच उंबरठ्याबाहेर राहिला. तो म्हणजे स्वतःच्या शरीराचे आणि मनाचे ज्ञान. महर्षींचे सुपुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, ते एकहाती चालविले. त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्यांची सर्व मते आपल्याला मान्य होणार नाहीत. तथापि या विषयावरील मौनाची किंमत काय असते, हे पुढे आकड्यांनिशी सिद्ध झाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जागतिक कीर्तीच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुखणे होते, पण ते सांगण्यास शब्द नव्हते आणि ऐकण्यास माणूस नव्हते. पुढे डॉ. राणी बंग यांनी किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ ही शिबिरे सुरू केली. या शिबिरांत वयात येण्याविषयी, मैत्रीविषयी आणि जबाबदारीविषयी मोकळेपणाने परंतु मर्यादेने बोलले जाते.

येथे एक गोष्ट नम्रपणे नमूद करतो. आपल्या घरांतून मासिक धर्माच्या काळात काही धार्मिक मर्यादा पाळल्या जातात. त्या कोणी किती पाळाव्यात हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु मर्यादा पाळणे वेगळे आणि त्यामागील शरीरधर्माविषयी अज्ञानात राहणे वेगळे. ज्ञानावरणीय कर्माचा क्षय करावा असे सांगणारा आपला धर्म, मुलीला तिच्याच शरीराविषयी अंधारात ठेवण्यास कसा सांगेल?

अशा शिक्षणाचा परिणाम दिसतो का, हे व्यापारी मन विचारणारच. त्याचे उत्तर मराठवाड्यात मिळते. पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालविला. रोज सायंकाळी एक तास वर्ग भरे आणि शिकविणाऱ्या गावातल्याच स्त्रिया असत. १९९७ ते २००१ या काळात तेथील मुलींचे विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले. अठरा वर्षांखालील विवाहांचे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आले. चार वर्षांत हा फरक लहान नव्हे. आणि या यशाचे मर्म असे की, अभ्यासक्रम ठरविताना पालकांना प्रारंभापासून विश्वासात घेतले गेले होते. विवाहाचा निर्णय मुलगी एकटी घेत नाही, तो घर घेते. म्हणून घराला वगळून मुलीला शिकविणे म्हणजे अर्धाच व्यवहार.

याच्या उलट अनुभवही आपल्या राज्यास आला. केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील चित्रांवर आणि मजकुरावर २००७ मध्ये मोठे वादळ उठले आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो शाळांतून थांबविला. आक्षेप घेणारे सारेच प्रतिगामी होते, असे म्हणता येणार नाही. आपल्या मुलीला वर्गात काय सांगितले जाते, हे पालकांना ठाऊकच नव्हते आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीची भीती वाटते. पाचोडला पालकांशी आधी बोलणे झाले. येथे ते राहून गेले.

हा धडा आपल्या समाजातील एका संस्थेने चांगला गिरविला आहे. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेली भारतीय जैन संघटना आपणांस सामूहिक विवाहांमुळे, तसेच १९९३ च्या लातूर भूकंपानंतर मुलांच्या शैक्षणिक पुनर्वसनासाठी केलेल्या कार्यामुळे परिचित आहे. याच संघटनेने ‘स्मार्ट गर्ल’ ही युवती सक्षमीकरणाची कार्यशाळा सिद्ध केली. स्वतःची ओळख, संवाद आणि नातेसंबंध, मासिक पाळी व आरोग्य, आत्मसन्मान व स्वसंरक्षण, निवड आणि निर्णय, मैत्री आणि मोह असे तिचे विषय आहेत. मुलींना भाषण दिले जात नाही. गटचर्चा, खेळ आणि छोटे प्रसंग यांतून त्यांनाच बोलते केले जाते. आणि पालकांनाही या प्रक्रियेत सामील करून घेतले जाते. जैन समाजासाठी जन्मलेला हा उपक्रम पुढे सर्व समाजांच्या मुलींपर्यंत पोहोचला, ही समाधानाची बाब आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिराचे प्राचीन गाव. विसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्याने त्याला उद्योगनगरीचे रूप दिले. शेजारी १९४९ मध्ये सिंधी निर्वासित बांधवांसाठी उल्हासनगर वसले आणि कापडाची मोठी बाजारपेठ झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि एमआयडीसीच्या वसाहतींमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबे येथे आली. राजस्थान, गुजरातहून आलेली आपली कुटुंबेही त्यांत आहेत. गावाकडे आजी, आत्या, काकू असा गोतावळा असे. मुलीला वडिलांना सांगता न येणारी गोष्ट आत्याला सांगता येई. येथे दोन खोल्यांचे घर, वडील कारखान्याच्या पाळीत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर आणि आई घरकामात बुडालेली. संवादाची ही जागा रिकामी पडली. ती कधी मोबाइलने भरली, कधी अयोग्य संगतीने.

दुकानाच्या गादीवर बसून चार दशके जे दिसले तेही सांगतो. ड्रेसचे कापड मुलीसाठी असते, पण पसंत कोणते असे विचारले की मुलगी आईकडे पाहते, आई वडिलांकडे पाहते आणि वडील भावाकडे, म्हणजे किमतीकडे. अंगावर घालावयाच्या कापडाचा रंग सांगण्याचीही ज्या मुलीला सवय नाही, ती उद्या नकोशा स्पर्शाला, नकोशा मैत्रीला किंवा नकोशा स्थळाला ‘नको’ म्हणेल, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो? निर्णयाची सवय लहान गोष्टींतून लागते.

या प्रश्नाची धग आपण फार जवळून अनुभवली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. लोकलगाड्या तासन्‌तास थांबल्या. त्या दिवसाच्या संतापाविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातील एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. लहानग्या मुलीचा त्रास घरच्यांनी मनावर घेतला, तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, म्हणूनच सत्य बाहेर आले. कायदे आहेत. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. शाळांत सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा राज्य शासनाचा निर्णय मार्च २०२२ चा आहे. १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवा आहे. परंतु या साऱ्यांचे दार उघडणारी किल्ली म्हणजे घरी ऐकणारा कान.

म्हणून माझी ट्रस्टच्या विश्वस्त मंडळास आणि समाजबांधवांस एक नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात परिसरातील शाळांशी संपर्क साधून किशोरवयीन मुलींसाठी कार्यशाळांची मालिका आखावी. ती सर्व समाजांच्या मुलींसाठी असावी. प्रशिक्षित मार्गदर्शक भगिनी असाव्यात. अभ्यासक्रम पालकांना आधी दाखवावा. आणि प्रत्येक कार्यशाळेसोबत वडिलांसाठी दोन तासांचे स्वतंत्र सत्र अनिवार्य मानावे. एमआयडीसीतील अनेक कारखान्यांना शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते. ते सत्र शुक्रवारी ठेवल्यास कामगार पित्यांनाही येता येईल. आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्या दिवशी दोन तास गल्ला सोडावा. मुलांसाठीही असे वर्ग व्हावेत, कारण निकोप नात्याला दोन्ही बाजूंचे शिक्षण लागते.

गेल्या पावणेदोनशे वर्षांत मुलींना आपण अक्षर दिले, पदवी दिली, नोकरीची वाट मोकळी केली. त्या बोलूही लागल्या आहेत. आता पाळी आपली, ऐकणाऱ्यांची आहे. आज रात्री दुकान वाढवून घरी गेल्यावर मुलीला, नातीला एवढेच विचारावे, ‘बेटा, आज शाळेत काय झाले?’ आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. पहिली कार्यशाळा तीच.

जय जिनेंद्र.