ईयोबाचे पुस्तक
ईयोबाचे पुस्तक हा बायबलच्या जुन्या करारातील एक ग्रंथ आहे. निर्दोष मनुष्याच्या वाट्याला दुःख का येते आणि अशा दुःखात त्याचा देवावरील विश्वास कसा टिकतो, हा त्याचा विषय होय. ग्रंथाचे ४२ अध्याय असून आरंभ व शेवट गद्यात, तर मधला विस्तृत भाग प्रामुख्याने काव्यात आहे.

ऊस देशातील ईयोब हा ७ मुलगे, ३ मुली व ७,००० मेंढरे असलेला धनाढ्य, नीतिमान पुरुष. सैतान त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतो आणि देवाच्या अनुमतीने ईयोबाची संपत्ती, संतती व आरोग्य हिरावले जाते. अलीफज, बिल्दद व सोफर हे मित्र त्याच्यापाशी सात दिवस मूक बसतात. त्यांच्या पुढील उपदेशापेक्षा हे मौनच अधिक सांत्वनपर म्हणावे लागेल. दुःख हे पापाचेच फळ, असा त्यांचा आग्रह. ईयोब तो नाकारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाकडेच दाद मागतो; परंतु देवाचा त्याग करीत नाही.

३८व्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलतो. तो सृष्टीविषयी प्रश्न विचारतो, दुःखाचे कारण मात्र सांगत नाही. वाचकाला ठाऊक असलेला स्वर्गातील संवाद ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. कारण न कळताही तो देवापुढे नमतो. अखेरच्या अध्यायात देव मित्रांना दोष देतो व ईयोबाचे बोलणे यथार्थ ठरवतो. ‘सोशिक ईयोब’ या रूढ प्रतिमेत हा निवाडा बरेचदा झाकला जातो. नव्या करारातील याकोबाच्या पत्रातही (५:११) त्याच्या धीराचाच उल्लेख आहे.

शेवटी ईयोबाला पशुधन दुप्पट मिळते. नव्याने झालेल्या अपत्यांची संख्या मात्र पूर्वीइतकीच आहे.