मुंबई हाय, उरण आणि उभ्या उड्डाणाचे तंत्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या खोदनौकेने मुंबई हाय येथे तेल शोधले. समुद्रतळावरील वाहिन्यांमुळे उरण हे तेल व वायू उतरविण्याचे आणि त्यांवर प्रक्रिया करण्याचे केंद्र बनले. उरणच्या औद्योगिक इतिहासात या वाहिन्यांची नोंद होते. परंतु तेल काढणारी माणसे समुद्रात कशी पोहोचली, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त विचार केला आहे.

विवेचन

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरील तेलमंचावर धावपट्टी असू शकत नाही. म्हणून उभे उड्डाण व अवतरण करणारे यान अपरिहार्य ठरते. विमानाच्या पंखांना पुढे जाण्याच्या वेगातून उचल मिळते. हेलिकॉप्टरला ती फिरत्या पात्यांनी निर्माण करावी लागते. साहजिकच जागच्या जागी तरंगताना इंजिनावर मोठा भार पडतो. उष्ण हवा विरळ असल्याने पात्यांची उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात. परिणामी इंधन, प्रवासी आणि सुरक्षिततेसाठी राखीव शक्ती यांचा मेळ घालणे हाच अशा यानाच्या रचनेतील कळीचा प्रश्न होय.

1985 मध्ये केंद्र शासनाने स्थापलेली हेलिकॉप्टर कंपनी पुढे 'पवन हंस' म्हणून ओळखली गेली. तिच्या ताफ्यात फ्रेंच बनावटीची 'डॉफिन' आणि ब्रिटिश बनावटीची 21 'वेस्टलँड 30' हेलिकॉप्टरे आली. 'वेस्टलँड 30' हे 'लिंक्स' या लष्करी हेलिकॉप्टरच्या यंत्रणेवर मोठा सांगाडा बसवून तयार केलेले यान होते. भारतीय परिस्थितीत ते कितपत उपयुक्त ठरेल, याविषयी खरेदीपूर्वीच शंका व्यक्त झाल्या होत्या. तथापि ब्रिटिश आर्थिक साहाय्याशी जोडलेला हा व्यवहार पूर्ण झाला. दोन प्राणघातक अपघातांनंतर 1991 मध्ये ही हेलिकॉप्टरे सेवेतून बाजूला करण्यात आली. याउलट, 'डॉफिन'ने तेलक्षेत्राची सेवा दीर्घकाळ केली.

सुयोग्य यान लाभले तरी धोका संपत नाही. ऑगस्ट 2003 मध्ये मुंबईनजीकच्या समुद्रात तेलक्षेत्राकडे जाणारे 'एमआय-172' कोसळून 27 जणांचा मृत्यू झाला. जून 2022 मध्ये आणखी एक हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावे लागले. त्यातील नऊपैकी चौघे दगावले.

निष्कर्ष

यानाची रचना एका देशात होते. तिची कसोटी मात्र दुसऱ्या देशाच्या हवामानात आणि समुद्रावर लागते. ही कसोटी बाजूला सारून केवळ साहाय्याच्या अटींवर केलेली निवड टिकत नाही, हे 'वेस्टलँड'च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. म्हणूनच उरणला पोहोचणाऱ्या तेलाच्या इतिहासात या हवाई वाटेची आणि तिच्यावर प्राण गमावलेल्यांची नोंद होणे अगत्याचे आहे.