त्रैराशिक आणि पगाराचा हिशेब

आमची शाळा लवकर सुटली. त्रैराशिकाची खरी किंमत आम्हांस कळली ती पुढे, पगाराच्या दिवशी. ही रीत आर्यभटाने इ. स. 499 मध्ये सूत्रात सांगितली. 1150 मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त बहुतेक सारे अंकगणित तिच्यातच सामावते, असे म्हटले.

समजा, 26 दिवसांचा पगार 15,600 रुपये आणि कामगाराचे खाडे 4. कपात किती व्हावी? 26 हे प्रमाण, 15,600 हे फळ, 4 ही इच्छा. प्रमाण व इच्छा एकाच जातीची, म्हणजे दोन्ही दिवसच, हे प्रथम पाहावे. मग फळास इच्छेने गुणावे : 62,400. त्यास प्रमाणाने भागावे : 2,400.

1936 च्या वेतन-कायद्याने बिनपगारी खाड्यांच्या कपातीची मर्यादा सर्वसाधारणपणे याच प्रमाणात बांधली होती. कायद्याच्या पोटात त्रैराशिकच बसलेले! परंतु गुणाकार येत नसेल, तर 2,400 च्या जागी 2,600 कापले गेले हे कामगारास कळावे कसे? कायदा वकील वाचून दाखवील. हिशेब मात्र ज्याचा त्यानेच पडताळावयाचा. म्हणून आम्ही सभेत घोषणांच्या आधी फळा मांडतो.