सदर वाहन: काया, प्राण आणि नोंदणी

काही महिन्यांपूर्वी सदरमध्ये राहणाऱ्या एका सहकाऱ्याच्या घरी जाण्याचा योग आला. हे गृहस्थ पदार्थविज्ञान शिकवतात. रेसिडेन्सी रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत त्यांचे जुने बैठे घर आहे, आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली त्यांच्या वडिलांनी १९८६ साली घेतलेली कॉन्टेसा उभी असते. त्या दिवशी तिचे बॉनेट भिंतीला टेकवून ठेवले होते. चेन-पुली लावून बाहेर काढलेले इंजिन एका जुन्या टायरवर विसावले होते. ‘तुम्ही मराठीचे, एक अर्ज तेवढा लिहून द्या,’ ते म्हणाले. गाडीत आधुनिक इंजिन बसवण्यास परवानगी मिळावी, असा परिवहन कार्यालयाला द्यावयाचा अर्ज. मी सवयीने ‘सदर वाहनाचे इंजिन’ एवढे लिहिले आणि थांबलो. इंजिन बदलल्यानंतर ‘सदर वाहन’ म्हणजे नेमके कोणते?

जुन्या गाडीत नवे इंजिन बसवण्याचा छंद अमेरिकेत फार रुजला. तेथील ‘मसल कार’चा जन्मच मुळी अशा उसन्या बळातून झाला. १९६४ साली पॉन्टिॲक जीटीओ आली ती मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन घालून. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या गाड्यांचा बहर ओसरला; पण त्यांच्यावर प्रेम करणारे उरले. १९९७ मध्ये जनरल मोटर्सने आणलेले एलएस-१ आणि त्याच्या कुळातील इंजिने आज तेथे घरोघरच्या गॅरेजांत जुन्या गाड्यांमध्ये बसवली जातात. हा खेळ विपुलतेचा आहे. जुन्या इंजिनांनी भरलेली भंगार-आवारे, सुटे भाग घरपोच देणारी दुकाने आणि हाताशी मोकळा शनिवार, असा तो मामला.

आपल्याकडे हाच बदल टंचाईच्या पोटी घडला, आणि तो प्रथम घरच्या अंगणात नव्हे, तर थेट कारखान्यांत घडला. परवाना-पद्धतीच्या काळात नवे मॉडेल आणणे म्हणजे परवानगी, परकीय चलन आणि भांडवल या तिन्हींची जुळवाजुळव करणे. त्यातही गाडीचा पत्रा ठोकणारे साचे सर्वांत महाग. साहजिकच एकदा मिळालेली काया वर्षानुवर्षे तशीच ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा आतला प्राण बदलायचा, अशी रीत पडली. १९५७ ची ॲम्बॅसडर ही ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डची प्रत होती. तिचे पहिले १४७६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन दोनच वर्षांत गेले आणि १४८९ सीसीचे बीएमसी इंजिन आले. पुढे डिझेल इंजिन आले, नव्वदच्या दशकात जपानच्या इसुझूचे १.८ लिटर इंजिन आले. २०१४ मध्ये उत्पादन थांबले तोवर तिची गोलाई मात्र ओळखीचीच राहिली.

कॉन्टेसाची कथा याहून बोलकी आहे. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल कंपनीने ज्या व्हीएक्स गाडीचे उत्पादन १९७८ मध्ये थांबवले, तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सने घेतले आणि १९८४ साली उत्तरपाड्याहून कॉन्टेसा बाजारात आणली. लांबलचक बॉनेट, रुंद बांधा, मागच्या चाकांना मिळणारी गती. भारतीय रसिक तिला आपली मसल कार म्हणतात ते याच रूपामुळे. पण त्या बॉनेटखाली होते ॲम्बॅसडरचेच १४८९ सीसीचे, जेमतेम पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन. पहिलवानाच्या देहात कारकुनाचे हृदय! ही विसंगती कंपनीलाही जाणवली असावी. काही वर्षांनी तिने इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स त्याच देहात बसवला, आणि गाडी खऱ्या अर्थाने धावू लागली.

याच सुमारास आणखी दोन प्रयोग झाले. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई आणली: काया साठच्या दशकातील फियाट १२४ ची, इंजिन निसानचे. नावातील ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. जोडकाम झाल्याची कबुली नावातच देणारी गाडी विरळाच! मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने त्याच वर्षी याच्या उलट केले. रोव्हर एसडी-१ या देखण्या, आधुनिक देहात तिने जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातील दोन लिटरचे इंजिन घातले. स्टँडर्ड २००० काही वर्षांतच बंद पडली. नव्या देहात जुना प्राण रमला नाही, असेच म्हणावे लागेल.

रस्त्यावरचे मिस्त्री तरी मागे कसे राहतील? पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतील तफावत हे त्यांचे भांडवल. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीत मर्सिडीजच्या परवान्याने तयार होणारे डिझेल इंजिन ‘मॅटाडोरचे इंजिन’ या नावाने ओळखले गेले आणि जीप, ॲम्बॅसडर अशा अनेक गाड्यांच्या पोटात शिरले. लेथवर जोडप्लेट कातून घ्यायची, इंजिनाचे फाउंडेशन हलवायचे, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवायची. या कारागिरीचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण तो करणाऱ्यांच्या हाती लेखणी नव्हती, पाना होता.

माझ्या सहकाऱ्यांचे काम याहून अवघड आहे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. कॉन्टेसाला उभे इंजिन लागते. जुना कार्बोरेटर किंचित दाबाने पेट्रोल मागतो. नव्या इंजेक्शनला तीन-साडेतीन बार दाब देणारा विजेचा पंप लागतो. शिवाय सेन्सरांचे जाळे आणि त्यांचा कारभार पाहणारा संगणक. शक्ती दुप्पट झाली की ब्रेकही तेवढेच समर्थ हवेत. प्राण एकटा बदलत नाही, तो सारा देह बदलायला लावतो.

आणि मग कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. मान्यताप्राप्त संच बसवून इंधनाचा प्रकार बदलण्यास, अगदी गाडी विजेवर नेण्यास, कायद्यात वाट आहे. मनाजोगते दुसरे पेट्रोल इंजिन घालण्यास ती नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा देऊ केला; अट ही की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे १९८६ ची ही कॉन्टेसा २०३६ मध्ये वारसा ठरू शकते, किंवा यंदा अंगणात धावू शकते. दोन्ही नाही.

गंमत अशी की कॉन्टेसात इसुझूचे इंजिन कंपनीने बसवले तर ते ‘मूळ’. तेच इंजिन मालकाने आज या गाडीत बसवले तर ‘फेरफार’. लोखंड तेच, फरक शिक्क्याचा. हस्तलिखितांचे पाठभेद शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नवे नाही. ‘मूळ संहिता’ म्हणून आपण जी हाती धरतो, तीही पुष्कळदा कुणा अधिकारी लेखनिकाने केलेला फेरफारच असते.

अर्ज लिहिताना मला महानुभावांची कथा आठवली. द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भडोचच्या मृत हरिपाळदेवाच्या कायेत प्रवेश केला. घरच्यांनी काया पाहिली आणि त्यांना हरिपाळच परत मिळाला. तोच पुरुष पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघाला, ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंना भेटला, आणि पंथाने प्राण पाहून त्याला चक्रधर म्हटले. एकाच देहाला दोन नावे, आणि दोन्ही खरी. पाहणारा काय शोधतो यावर सारे अवलंबून.

मी अर्ज अर्धा ठेवून सहकाऱ्यांना विचारले, ‘तुम्हाला नेमके काय परत हवे आहे?’ ते थोडा वेळ टायरवरच्या इंजिनाकडे पाहत राहिले. म्हणाले, ‘बाबा चढावर दुसरा गिअर टाकताना पुटपुटायचे. ते.’ नव्या इंजिनाला चढ जाणवणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

माझे मत विचाराल तर ते दुबळे इंजिनच या गाडीतील सर्वांत प्रामाणिक भाग आहे. त्या पन्नास अश्वशक्तीत एका बंदिस्त अर्थव्यवस्थेची सारी कहाणी आहे: मोठ्या देहाची हौस आणि आत घालायला जवळ असलेले तेवढेच बळ. ते बदलले तर गाडी सुधारेल, दस्तऐवज मात्र जाईल. अर्थात हे म्हणणे मला सोपे आहे. उन्हाळ्यात बंद पडलेली कॉन्टेसा ढकलण्याची पाळी माझ्यावर येत नाही.

सध्या ते इंजिन बोअर करायला लेथवाल्याकडे गेले आहे. अर्ज माझ्या टेबलावर आहे, दोन शब्दांचे कर्तृपद ठरण्याची वाट पाहत.