'फासीगार' : एका शब्दाचा अर्थप्रवास

इंग्रजीतला 'फासीगार' हा शब्द आज जुन्या कोशांपुरताच उरला आहे. वाटसरूला फास लावून मारणारा, हा त्याचा अर्थ. 'ठग' हा त्याचा समानार्थी शब्द मात्र इंग्रजीत रुळला आणि कोणत्याही गुंडापर्यंत विस्तारला.

घडणीच्या दृष्टीने हा मागे पडलेला शब्द अधिक बोलका आहे. 'फास' संस्कृत 'पाशा'च्या कुळातला. 'गार' हा कर्तृवाचक प्रत्यय फारसी, 'गुन्हेगार' या शब्दातला. म्हणजे शब्द मुळात कृतीचा निर्देश करतो, कुळाचा नव्हे. रिचर्ड शेरवुड यांच्या १८१६ सालच्या मद्रासमधील लेखाने तो इंग्रजी वाचकांपुढे आणला. पुढे १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरवले. विशिष्ट खून सिद्ध होण्याची गरज उरली नाही. कर्तृवाचक नाम येथे समूहवाचक झाले.

'ठग' या शब्दाच्या प्रसारात फिलिप मेडोज टेलर यांच्या १८३९ सालच्या ठगविषयक कादंबरीचा वाटा मोठा आहे. तीत भवानी ही ठगांची अधिष्ठात्री आहे. १८५३ च्या तहानंतर हेच टेलर नळदुर्ग जिल्ह्याचे प्रशासक झाले. तुळजापूर त्यांच्या परिचयाचे होते. १८६३ च्या 'तारा' या कादंबरीत त्यांनी तुळजापूरचीच पार्श्वभूमी घेतली आणि तिथे भवानी भाविकांच्या घरची देवता म्हणून येते. लेखकाची दृष्टी अशी व्यापक झाली, तरी आधीच्या संहितेने रूढ केलेला अर्थ मागे फिरला नाही.

या अर्थाची परिणती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. टोळीला लावलेले तर्कशास्त्र त्याने जन्माला लावले. या कायद्याच्या पुढील विस्तारात फासेपारधीही गुन्हेगार ठरले. त्यांच्या नावातला फासा हरणा-तितरांसाठी मांडलेला. तो उपजीविकेचे साधन सांगतो. 'फासीगार' आणि 'फासेपारधी' यांत धातू एक, पण एकात कृत्य आहे, दुसऱ्यात व्यवसाय. कायद्याला हा भेद वाचता आला नाही.

१९५२ साली हा कायदा संपला. धाराशिव जिल्ह्यातील पारधी वस्त्यांवरचा संशय मात्र त्याबरोबर संपला नाही. कोशातून शब्द लुप्त होतो, त्याने घडवलेली वर्गवारी मात्र व्यवहारात टिकते. म्हणून व्युत्पत्तिविचार केवळ ध्वनिपरिवर्तनापाशी थांबणे पुरेसे नाही. नाम ठेवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हाही त्याचाच प्रश्न आहे.